पाच चाचण्या निगेटिव्ह आल्या, तरी एचआयव्हीची भीती जात नाही, काय करावे?

प्रश्न

नमस्कार. माझे वय २९ आहे. गाव खानापूर तालुक्यात, आणि नोकरी बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

मे महिन्याच्या शेवटी कंपनीच्या कामासाठी पुण्याला गेलो असताना सोबतच्या दोघांच्या आग्रहाला बळी पडून मी देहविक्री करणाऱ्या एका स्त्रीकडे गेलो. संबंध एकदाच आला आणि निरोध वापरला होता. तो शेवटपर्यंत शाबूत होता, हे मी त्याच वेळी डोळ्यांनी पाहिले होते. पण आज पाच महिन्यांनंतर त्या पाहण्यावरच माझा विश्वास उरलेला नाही. चुंबनही झाले होते, आणि त्याच दिवशी सकाळी दाढी करताना माझी हनुवटी कापली होती. ती जखम तेव्हा ओली होती की सुकली होती, या एका प्रश्नावर मी किती रात्री जागून काढल्या असतील, याचा हिशेब नाही.

तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला आणि घसा धरला. जूनचा पाऊस नुकताच लागला होता, आमच्या खात्यात चौघे तापाने पडले होते, तरी माझा ताप त्यांच्यापेक्षा वेगळा आहे असेच मला वाटत राहिले. ३३व्या दिवशी एका खासगी प्रयोगशाळेत चौथ्या पिढीची चाचणी केली. तिथल्या माणसाने चार लोकांसमोर मोठ्या आवाजात "एचआयव्हीचीच ना?" असे विचारले, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. निकाल निगेटिव्ह आला. ४८व्या दिवशी आणि ९६व्या दिवशी सरकारी केंद्रात तपासले, दोन्ही वेळा निगेटिव्ह. मग कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून १२०व्या दिवशी कोल्हापूरला जाऊन तपासले आणि गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा. सगळे निगेटिव्ह. अहवाल हातात आल्यावर दोन दिवस, फार तर तीन दिवस बरे वाटते. मग मनात येते की नमुना बदलला असेल, किट जुने असेल, माझ्या शरीरात प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) उशिरा तयार होत असतील.

जेवणाच्या सुट्टीत मी फौंड्रीच्या न्हाणीघरात जाऊन मोबाइलच्या बॅटरीने जीभ पाहतो, मानेच्या दोन्ही बाजू चाचपतो. स्टोअरमधल्या वजनकाट्यावर रोज उभा राहतो. सहा किलो वजन उतरले आहे. आईला काहीतरी बिनसले आहे एवढे कळले आणि तिने मीठ-मोहरी-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली; त्या मिरच्यांच्या ठसक्याने मला खोकला लागला आणि मी त्याच रात्री खोकला हे एचआयव्हीचे लक्षण आहे का, ते शोधत बसलो.

आमचे घर माळकरी आहे. आषाढीला दरवर्षी वडिलांबरोबर पंढरपूरला जातो, यंदा कामाचे निमित्त सांगून टाळले. मार्गशीर्षात माझे लग्न ठरले आहे. मुलगी चंदगड तालुक्यातली आहे आणि तिचा काडीचाही दोष नाही. माझ्यामुळे तिला काही झाले तर, या विचाराने लग्न मोडावे असे वाटते. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत: आणखी कोणती चाचणी केली म्हणजे खात्री होईल, आणि हे लग्न करणे माझ्याकडून योग्य आहे का?

पहिले उत्तर : निवृत्त समुपदेशक, बेळगाव

आपण हे लिहिले, त्याबद्दल आधी आपले आभार मानतो, कारण अशी माणसे मी बारा वर्षे टेबलाच्या पलीकडे बसलेली पाहिली आहेत आणि तोंड उघडायला त्यांना किती त्रास होतो, हे मला ठाऊक आहे. आमच्या कामाला कन्नडमध्ये "आप्तसमालोचक" म्हणतात. मराठी माणूस तो शब्द ऐकून हमखास विचारायचा, की तुम्ही आमचे आप्त कसे? मला ते विचारणे आवडायचे, कारण जे आप्तांना सांगता येत नाही तेच सांगायला ती माणसे येत असत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: कोणतीही नाही. प्रयोगशाळेत शिरेतून रक्त घेऊन केलेली चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचे पी-२४ हे प्रथिन आणि शरीराची प्रतिद्रव्ये दोन्ही शोधते, आणि संपर्कानंतर ४५ दिवस उलटल्यावर तिचा निगेटिव्ह निकाल निर्णायक धरला जातो. बोटातून रक्त घेऊन होणाऱ्या जलद चाचण्या बहुधा केवळ प्रतिद्रव्ये शोधतात, म्हणून त्यांच्यासाठी ९० दिवसांची मर्यादा सांगितली जाते. आपली ३३व्या दिवसाची चाचणी चांगली असली तरी थोडी लवकरची होती आणि ४८व्या दिवसाची जलद चाचणीही मर्यादेच्या आतली होती, हे मान्य करतो. ९६व्या दिवशी मात्र प्रश्न निकाली निघाला. त्यानंतरच्या दोन चाचण्यांनी आपल्या माहितीत तसूभरही भर घातलेली नाही.

किटवर शंका येते, तेव्हा सरकारी केंद्राची पद्धत समजून घ्या. एखाद्याला पॉझिटिव्ह ठरवायचे असेल तर वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन चाचण्या करतात, आणि निगेटिव्ह ठरवायला पहिली एकच पुरते. लोकांना वाटते की निगेटिव्हच्या बाबतीत हयगय होते. कारण वेगळे आहे. पहिली चाचणी मुद्दाम अशी निवडलेली असते की बारीकशी खूणही तिच्या नजरेतून सुटू नये. प्रसंगी नसलेली खूण दाखवील, पण असलेली सहसा सोडणार नाही.

आता मुळात धोका किती होता, ते पाहू. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित आहे, तिचे उपचार सुरू नाहीत आणि निरोधही वापरलेला नाही, असे तिन्ही धरले तरी योनिमार्गाच्या एका संबंधातून पुरुषाला लागण होण्याचे प्रमाण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार १०,००० मध्ये सुमारे ४ आहे. आपल्या बाबतीत निरोध होता आणि शाबूत होता. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. सकाळी दाढी करताना पडलेला चरा रात्रीपर्यंत ओला राहिला असता तर आपल्या शर्टाच्या कॉलरने ते सांगितले असते.

लक्षणांविषयीही सांगतो, कारण आपली बहुतेक रात्र त्यांच्यावरच जाते. नव्या लागणीत दोन ते चार आठवड्यांच्या सुमारास ताप, घसादुखी आणि पुरळ येऊ शकते, हे खरे. पण तेच सगळे पावसाळ्यातल्या कुठल्याही विषाणूज्वरातही होते, म्हणून लक्षणांवरून कोणताही डॉक्टर एचआयव्हीचे निदान करत नाही. मानेच्या गाठी दिवसातून वीस वेळा दाबल्या तर त्या दुखणारच. आणि सहा किलो वजन जेवण कमी झाल्यामुळे उतरले आहे. भाकरी किती खाता, ते आईला विचारा.

लग्नाविषयी वैद्यकीय उत्तर एवढेच, की आपल्याकडून त्या मुलीला एचआयव्हीचा धोका नाही. लग्नाआधी दोघांनी मिळून सामान्य तपासणी करून घ्यायची असेल तर तो चांगला पायंडा आहे, परंतु ती दोघांच्या खुशीने व्हावी आणि आपल्या भीतीला आणखी एक अहवाल मिळावा म्हणून होऊ नये. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याप्रमाणे संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणे केंद्रावर बंधनकारक आहे. त्या प्रयोगशाळेतील माणसाने चारचौघांत जे केले ते चुकीचेच होते.

दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून एक गोष्ट जोडतो. निरोध फाटला किंवा वापरलाच नाही अशी खरी जोखीम घडली, तर ७२ तासांच्या आत, आणि जमल्यास पहिल्या काही तासांतच, सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक विनामूल्य आहे.

दुसरे उत्तर : एक वाचक

साधी चाचणी कितीही वेळा केली तरी शंका राहतेच. एकदाच आरएनए पीसीआर करून घ्यावी, तिच्यात थेट विषाणूच दिसतो, म्हणजे कायमचा निकाल लागेल.

तिसरे उत्तर : माध्यमिक शिक्षक, निपाणी परिसर

वरच्या सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे, तरी तो कृपया मानू नका. मी हे स्वतःच्या अनुभवावरून लिहितो आहे. पीसीआर ही चाचणी लवकरच्या दिवसांसाठी किंवा उपचार घेणाऱ्यांच्या रक्तातला विषाणू मोजण्यासाठी आहे. ९० दिवसांनंतर निगेटिव्ह असलेल्या माणसाने ती करून घेतली तर नवीन काही कळत नाही, आणि क्वचित प्रसंगी तीही चुकीची खूण दाखवते. तसे झाले तर तुमचे पुढचे तीन महिने कसे जातील, याची कल्पना मला आहे.

माझी गोष्ट केशकर्तनालयातल्या वस्तऱ्यापासून सुरू झाली. कानामागे थोडे कापले, कारागिराने पाते बदलले होते की नाही ते मी पाहिले नव्हते, आणि एवढ्या भांडवलावर मी दोन वर्षे काढली. अकरा चाचण्या केल्या. चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कोल्हापूर, प्रत्येक वेळी नवे गाव, कारण जुन्या ठिकाणचा माणूस "परत आलात?" असे विचारील याची लाज वाटायची. वर्गात फळ्यावर गणित सोडवत असताना डावा हात आपोआप मानेकडे जात असे. शेवटी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, तुमची मान दुखते का?" त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये बराच वेळ एकटा बसून राहिलो.

दुसऱ्याच महिन्यात धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी माझे अकरा अहवाल हातात घेतले, चाळले आणि म्हणाल्या, की या कागदांत एकही प्रश्न अनुत्तरित नाही, तरी तुम्ही इथे आला आहात, तेव्हा आपण आता तुमच्या झोपेविषयी बोलू. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्या झोपेविषयी विचारत होते.

या आजाराला आरोग्यविषयक चिंताविकार म्हणतात आणि काहींमध्ये तो मंत्रचळाच्या, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराच्या (ओसीडी) अंगाने जातो. शंका येते, छाती धडधडते, आपण गाठ चाचपतो किंवा मोबाइलवर शोधतो किंवा चाचणी करतो, क्षणभर हायसे वाटते, आणि मेंदू शिकतो की चाचपले म्हणून वाचलो. मग पुढची शंका अधिक लवकर येते. उपचारात ती चाचपणीच थांबवायला शिकवतात. एकदम थांबत नाही. मला आधी पंधरा मिनिटे थांबायला सांगितले होते: हात मानेकडे निघाला की घड्याळ पाहायचे, पंधरा मिनिटे काहीही करायचे नाही, आणि त्या वेळात भीती शंभरात किती आहे ते वहीत लिहायचे. पहिल्या आठवड्यात वहीत ९०, ९५ असेच आकडे होते आणि मी चारदा हरलो. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आले, की काहीही न करता आकडा आपला आपण ४० वर येतो. हे पुस्तकात वाचून पटत नाही, स्वतःच्या अक्षरात पाहिल्यावर पटते. गोळीही दिली होती; तिचा परिणाम जाणवायला महिनाभर लागला आणि ती वर्षभर घेऊन डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू बंद केली.

लगेच धारवाडला जाणे जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तो विनामूल्य आहे आणि भाषा निवडता येते. कन्नडमध्ये मनातले बोलता येणार नाही म्हणून मी सहा महिने मदत घेतली नव्हती. ती अडचण माझ्या मनातच अधिक होती.

एक गोष्ट विचारतो, राग मानू नका. माळ, वारी आणि ती निरपराध मुलगी यांविषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते वाचून मला असे वाटले की तुम्ही आजाराची वाट पाहत आहात, कारण आजार आला तर शिक्षा भोगून होईल आणि हिशेब मिटेल. माझ्याकडे तेवढे मोठे कारण नव्हते, तरीही मला तसेच वाटायचे. झाल्या गोष्टीची खंत खरी आहे, तिच्याविषयी वडिलांशी, एखाद्या विश्वासू माणसाशी किंवा देवाशी जे बोलायचे ते बोला. परंतु ते बोलणे रक्ताच्या नमुन्यावर सोपवू नका.

चौथे उत्तर : एक ताई, अथणी तालुका

दादा, मी एचआयव्हीसह जगते. २००९ पासून औषध घेते. नवरा ट्रक चालवायचा, तो गेला तेव्हा मला कळले. तुमचा प्रश्न वाचून लिहावे की नाही, दोन दिवस विचार करत होते.

मी तुम्हाला रागावण्यासाठी लिहीत नाही. भीती काय असते, ते मला तुमच्याहून जास्त माहीत आहे. पण तुमच्या मनात ज्या गोष्टीचे चित्र आहे, ती गोष्ट मी रोज जगते, आणि ती तुम्हाला वाटते तशी नाही, एवढेच सांगायचे आहे. आमच्या लहानपणी बस स्टँडच्या भिंतीवर कवटी काढलेली असायची आणि खाली एड्स लिहिलेले असायचे. ती कवटी अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. माझी बाटली स्वयंपाकघरात ज्वारीच्या डब्यामागे असते. रात्री भांडी आवरली की एक गोळी घेते. आधी दिवसातून दोनदा गोळ्या असायच्या, आता एकच आहे. २००४ पासून ही औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. वर्षातून एकदा विषाणूची मोजणी होते आणि माझ्या रक्तात तो कितीतरी वर्षे सापडण्याइतकाही उरलेला नाही. असे असले की संबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितले आहे. मुलगा माझ्या उपचारांच्या काळातच जन्मला, दीड वर्षाचा झाल्यावर त्याची शेवटची तपासणी झाली आणि तो निगेटिव्ह आहे. यंदा दहावीला आहे. गणित कच्चे आहे, ती माझी सध्याची मोठी काळजी.

केंद्रात रांगेत आमच्याबरोबर कधी कधी तुमच्यासारखी मुले उभी राहतात. आमच्यापासून हातभर लांब, भिंतीला पाठ न लावता. त्यांना वाटते आम्हाला कळत नाही. दादा, त्या पुण्याच्या बाईलाही तुम्ही मनातल्या मनात पाच महिने आजारी ठरवले आहे. ती आजारी आहे असे तुम्हाला कोणी सांगितले?

तुम्ही निगेटिव्ह आहात. लग्न करा, नीट जेवा. आणि जी मुलगी येणार आहे तिच्याकडे, तिला आपल्यापासून काय होईल या नजरेने पाहू नका. तिला ते कळेल, कारण बायकांना कळते, आणि ती स्वतःमध्येच काही कमी आहे असे समजेल.

प्रश्नकर्ता : चार आठवड्यांनंतर

सर्वांना नमस्कार. उत्तरे वाचली त्या रात्री काही लिहिता आले नाही.

सर, ९६व्या दिवसाचा अहवाल मी ठेवला आहे आणि बाकीचे चार फाडून टाकले. पीसीआर केली नाही; एकदा प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेलो होतो, हे खोटे न बोलता सांगतो, पण परत फिरलो.

गुरुजी, आधी १४४१६ वर बोललो आणि मागच्या दोन गुरुवारी सकाळची बस पकडून धारवाडला जाऊन आलो. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आहे आणि वही ठेवायला सांगितली आहे. पहिल्या रविवारी सात वेळा हरलो. काल एकदाच. स्टोअरच्या काट्यावर चढणे बंद आहे, आणि फौंड्रीतल्या ज्या मित्राला मी न्हाणीघरात बराच वेळ का असतो ते माहीत नव्हते, त्याला चिंतेचा त्रास आहे एवढे सांगितले आहे. जेवणाच्या सुट्टीत तो आता मला हाक मारून बाहेर बसवतो. शिक्षेविषयी तुम्ही जे लिहिले होते ते वाचून मी रडलो. कार्तिकीला वडिलांबरोबर गावच्या देवळात भजनाला बसलो. त्यांना सगळे सांगितले नाही, पण आषाढीला का आलो नाही त्याचे निमित्त खोटे होते, एवढे कबूल केले. त्यांनी कारण विचारले नाही. टाळ माझ्या हातात दिले.

ताई, तुमचे उत्तर मी सर्वांत जास्त वेळा वाचले. रांगेत हातभर लांब उभा राहिलेला मुलगा मीच होतो. भिंतीला पाठ न लावता, अगदी तसाच. तुमची आणि त्या बाईंचीही मी मनापासून क्षमा मागतो. मुलाला गणितासाठी मदत हवी असेल तर गुरुजी आहेतच, आणि मीही डिप्लोमापर्यंतचे गणित केले आहे.

होणाऱ्या पत्नीला चिंतेच्या उपचारांविषयी सांगितले आहे. पुण्याचे कधी आणि कसे सांगायचे, त्याविषयी पुढच्या गुरुवारी डॉक्टरांशी बोलणार आहे. रविवारी बस्ता काढायला दोन्ही घरची माणसे बेळगावातल्या शहापूरला येणार आहेत. दुकानात आरसे असतात, म्हणून त्या दिवसासाठी वहीत आधीच एक ओळ लिहून ठेवली आहे: साड्या बघायच्या, मान नाही.